मनालीच्या चार दिवसांसाठी विंटर टायर घेऊ का? आधी जुन्या टायरवरचे चार आकडे बघा

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय, गाडीसोबत आलेलेच टायर अजून चालू, ५२ हजार रनिंग, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बायको आणि मुलीला घेऊन फैजपूरहून मनालीला जायचंय, आणि जर्मनीतला मावसभाऊ फोनवर म्हणाला की विंटर टायर टाकल्याशिवाय बर्फात पाऊल ठेवू नको, इकडं तर तसा कायदाच आहे. बजेट वीस हजार. तर वीस हजारात बसतील असे स्वस्तातले विंटर टायर कुठले घेऊ, असं विचारलंय.

जळगावात माझं टायरचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. आधी ट्रकचे टायर, मग ट्रॅक्टरचे, आता जास्त करून कारचे. तर माझ्या हिशेबानं तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. एक म्हणजे चार दिवस बर्फात गाडी कशी चालवायची, आणि दुसरा, जो तुम्ही विचारलाच नाही पण मला वाचल्यावाचल्या तोच खटकला, तो म्हणजे सात वर्षांच्या टायरवर घरच्यांना घेऊन तीन हजार किलोमीटर जायचं का. पहिल्याचं उत्तर स्वस्तात निघतं. खरा पैसा दुसऱ्याला लावायचाय.

मावसभाऊ चुकीचं सांगत नाहीये, त्याच्या गावाला ते बरोबरच आहे. विंटर टायर म्हणजे नुसती नक्षी वेगळी असते असं लोकांना वाटतं, तसं नसतं, रबरच वेगळं असतं. थंडीत पहाटे डब्यातलं तूप चमच्यानं निघत नाही आणि मे महिन्यात तेच तूप पाण्यासारखं डुचमळतं, तसं रबराचं आहे. आपले साधे टायर साधारण ७ डिग्रीच्या खाली गेले की कडक व्हायला लागतात, रस्त्याला चिकटत नाहीत. विंटर टायरचं रबर असं बनवलेलं असतं की शून्याच्या खालीही ते मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत ब्लेडनं कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्या चिरा बर्फात धार धरतात आणि खोल खाचांत बर्फ दाबून बसतो, कारण बर्फाला बर्फच चांगला धरतो. म्हणून तिकडं तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी असं चिन्ह टायरच्या बाजूवर शोधतात. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं तर भुलू नका. ते कंपनीनं नक्षी बघून स्वतःच लिहिलेलं असतं, त्यासाठी बर्फावरची परीक्षा पास व्हावी लागत नाही, आणि आपल्याकडं एसयूव्हीच्या पुष्कळ टायरांवर ते असतं.

आता हेच मऊ रबर आपल्याकडं आणा. तुम्ही केळीच्या गावचे, थंडीचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. पारा सात-आठवर आला की बागेला चरका बसतो, खरंय, पण ते पहाटेपुरतं, दुपारी तोच पारा २८-३० वर असतो. म्हणजे भर जानेवारीतही आपल्या रस्त्याला विंटर टायरची गरज असते ती फार तर सकाळचे दोन तास. आणि एप्रिल-मे मध्ये ४५ डिग्रीला डांबर साठच्या पुढं तापतं तेव्हा काय होईल ते सांगायला मला पुस्तक नको, मी बघितलंय.

भुसावळचं एक गिऱ्हाईक होतं, चारेक वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईच्या जुन्या मालाच्या बाजारातून एसयूव्हीसाठी चार फोरेनचे टायर आणले, निम्म्याहून कमी किमतीत. डोंगर-चांदणीचं चिन्ह, नक्षी जवळजवळ नव्यासारखी, मला दाखवायलाच घेऊन आले की बघा कसा माल मिळाला. मी म्हटलं, दादा हे थंड मुलखाचे टायर आहेत, ते म्हणाले टायर तो टायर. एप्रिलच्या शेवटी मलकापूरकडून येताना आवाज येतोय म्हणून दुकानात आले. गाडी जॅकवर घेतली आणि पुढच्या दोन टायरांची नक्षी बघतो तर उंदरानं भाकरी कुरतडल्यासारखी, कडेचे रबराचे ठोकळे मुळापासून फाटून लोंबत होते. अंगठ्याचं नख लावलं तर आत रुततंय. वर म्हणत होते की शंभरच्या वर स्टेअरिंग हलवलं की गाडी जरा उशिरानं ऐकते, गादीवर चालल्यासारखं वाटतं. वाटणारच. चारही काढून टाकले, पहिला खर्च वाया आणि नव्याचा वेगळा.

नवे विंटर टायर घ्यायचे म्हटले तरी खान्देशात तुमच्या साइजमध्ये ते कुणी ठेवत नाही, श्रीनगरकडं मिळतात, इथं मागवायचे तर आधी शोधाशोध आणि वर भाव ते सांगतील तो. आणि एवढं करून मार्चमध्ये ते काढून ठेवायचे आणि दुसरे चार बसवायचे, म्हणजे टायरचे दोन सेट. वीस हजारात हे बसत नाही, आणि बसलं असतं तरी मी करू दिलं नसतं.

हिशेब करून बघा. फैजपूरहून रावेर, बऱ्हाणपूर, इंदूर, मग दिल्ली, चंदीगड करत मनाली, एका बाजूनं सोळाशेच्या आसपास किलोमीटर. जाऊन-येऊन बत्तीसशे. त्यात खरा बर्फ लागला तर कुठं लागणार, मनालीच्या वर सोलंगपर्यंत आणि अटल टनेलच्या आजूबाजूला, म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर, तोही नशिबात असला तर. उरलेले एकतीसशेवर किलोमीटर कोरडा हायवे, घाट, आणि ग्वाल्हेरच्या पुढून चंदीगडपर्यंत पहाटेचं धुकं. त्या धुक्यात पुढं अचानक उभा ट्रक दिसला की ब्रेक लावल्यावर गाडी कुठं थांबते, तुमच्या ट्रिपमधला खरा धोका मला तिथं दिसतो. पंचवीस किलोमीटरसाठी टायर घ्यायचे की एकतीसशेसाठी?

बर्फाला मी कमी लेखतोय असं समजू नका, कारण मी एकदा चांगलाच हात भाजून घेतलाय. २०२२ च्या जानेवारीत मी घरच्यांना घेऊन गेलो होतो, टायर माझ्याच दुकानातले, तीन महिने वापरलेले, मनात असं की टायरवाल्याला काय शिकवता. सोलंगच्या रस्त्याला एक वळण डोंगराच्या सावलीत होतं, बर्फ बाजूला सारलेला, रस्ता नुसता ओला आणि काळा दिसत होता. मी ब्रेकवर पाय ठेवला, पायाखाली एबीएसची (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची) कटकटकट सुरू झाली आणि गाडी मात्र आपल्या मर्जीनं, माणूस चालतो त्या वेगानं, तिरकी होत कठड्याकडं निघाली. वेग काहीच नाही हो, पंधरा असेल, पण थांबेचना. मागून बायको विचारतेय, थांबवत का नाही, आणि मी काय सांगू. शेवटी मागचं चाक कडेच्या बर्फाच्या ढिगात रुतलं म्हणून थांबली. तिथला एक पिकअपवाला उतरला, हौद्यातून पोतं काढलं, त्यात चुलीची राख आणि वाळू, चार मुठी पुढच्या चाकांपुढं फेकल्या आणि म्हणाला, दूसरे गियर में उठाओ, रेस मत देना. गाडी निघाली. पैसे घेतले नाहीत, फक्त नंबर प्लेट बघून हसला, एमएच एकोणीस. ते ओलं दिसणारं म्हणजे काचेसारखा गोठलेला पातळ बर्फ होता, त्यावर नवा टायर काय आणि जुना काय, आणि खरं सांगायचं तर विंटर टायरनंही तिथं फक्त थोडं लवकर थांबलो असतो.

म्हणून बर्फाच्या तुकड्यासाठी माझं म्हणणं असं. मनालीपर्यंत आपल्या गाडीनं जा, रस्ता बहुतेक मोकळा असतो. तिथून वर जायच्या दिवशी आपली गाडी हॉटेलवर ठेवा आणि तिथलीच फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, टॅक्सी करा. बर्फ पडला की पोलिस बऱ्याचदा पुढं फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्याच गाड्या सोडतात, त्यामुळं तुम्ही विंटर टायर लावून गेलात तरी तिथं वाद घालत उभं राहावं लागेल. टॅक्सीचे एका दिवसाचे पैसे जातील ते जातील, तो ड्रायव्हर रोज त्याच वळणांवर असतो, आणि तुम्हालाही खिडकीबाहेर बघता येईल.

तरी आपलीच गाडी न्यायची हौस असेल तर चाकांना लावायच्या चेन मनालीत भाड्यानं मिळतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा, स्विफ्टची पुढची चाकं ओढतात म्हणून चेन पुढच्याच चाकांना लावायची (मागं लावून फिरणारे महाभाग मी बघितलेत), आणि चेन लावून तीस-चाळीसच्या वर जायचं नाही, बर्फ संपून डांबर लागलं की लगेच काढायची, नाहीतर टायर, रस्ता आणि चेन तिन्हीची वाट लागते. घेताना ती १६५/८० आर १४ ला बसते का ते तिथंच लावून बघा, रात्री अंधारात बोटं गोठलेली असताना नाही.

आता मुख्य मुद्दा, तुमचे टायर. उद्या सकाळी एक काम करा. टायरच्या बाजूवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी लांबट गोल चौकटीत चार आकडे असतात. २२१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या २२ व्या आठवड्यात बनलाय. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली आतल्या बाजूनं बघा. तुमचे टायर गाडीसोबतचे म्हणताय म्हणजे २०१७-१८ चेच असणार. ५२ हजार झाले तरी नक्षी बरी दिसत असेल, आणि तिथंच माणूस फसतो. नक्षी उरलीय म्हणजे टायर उरलाय असं नसतं. गोटा झालेला टायर निदान डोळ्याला दिसतो, कडक झालेला दिसत नाही. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर वाळतं, त्यात गाडी अंगणात उघड्यावर लागत असेल तर अजून लवकर. निंबाच्या सावलीतली गाडी आणि पत्र्याच्या शेजारी तापणारी गाडी, एकाच वर्षाचे टायर, हात लावला की फरक कळतो.

नक्षीच्या खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, तिथं टायर कायद्यानंही संपला. मी मात्र लांबच्या प्रवासाला तीनच्या खाली असेल तर जाऊ देत नाही, विशेषतः पावसाळ्यात. मग बाजूला बोटानं दाबून बघा, रिमजवळ आणि नक्षीच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसतात का. कुठं फुगा आलाय का. फुगा असेल तर चर्चाच नको, तो टायर आजच काढा, आतले धागे तुटलेत त्याचे. आणि आतल्या बाजूनं खाल्लाय का ते स्टेअरिंग पूर्ण वळवून बघा, कारण बाहेरून छान आणि आतून तारा दिसताहेत असे टायर आठवड्याला एक तरी माझ्याकडं येतो. परवाच धुळ्याकडचे एक आबा आले, मी आतून हात फिरवून दाखवला तर म्हणाले, हे काय व्हयनं? ते एका दिवसात होत नाही, अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावून घेणं, तीन वर्षं न केल्यानं होतं.

पाच वर्षांनंतर मी दर वर्षी टायर तपासायला सांगतो आणि सातच्या पुढं लांबच्या प्रवासाला नको म्हणतो. हा काही कायदा नाही, माझा अनुभव आहे, गाडी फक्त गावात फिरत असती तर कदाचित अजून सहा महिने ओढा म्हटलं असतं. पण घरचे सोबत आणि बत्तीसशे किलोमीटर म्हटल्यावर तुमचे चारही बदला, आणि स्टेपनीही बघा. ती न वापरलेली असली तरी तीही सात वर्षांचीच आहे, जुन्या चारांतला त्यातल्या त्यात बरा दिसणारा टायर तिथं ठेवून तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

कुठले घ्यायचे? साइज तुमची १६५/८० आर १४, त्यापुढं ८५ टी. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलोपर्यंत वजन पेलतो, टी म्हणजे ताशी १९० पर्यंतच्या वेगासाठी. हे आकडे त्याहून कमी घ्यायचे नाहीत. दुकानदार म्हणेल की त्यापेक्षा अलॉय (हलक्या धातूच्या रिम) घ्या आणि १८५/६५ आर १५ टाका, वरच्या मॉडेलला तेच येतात, चाकाची उंचीही जवळजवळ तेवढीच राहते. खोटं नाही, पण वीस हजारात ते बसत नाही, आणि बर्फाचाच विचार करत असाल तर अरुंद टायर रुंदापेक्षा बरा, तो बर्फ कापून खाली जातो.

एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, ब्रिजस्टोन, या साइजमध्ये सगळ्यांचे असतात आणि चारच्या आसपासपासून पाच हजारांपर्यंत एक टायर पडतो, मॉडेल आणि दुकानाप्रमाणे थोडं इकडं-तिकडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा कुणी जुन्या लिस्टनं भाव सांगत असेल तर बिल नीट वाचा. कंपनीवरून घरात भांडणं होतात पण मी ह्याच एका कंपनीचा घ्या असं सांगणार नाही. एवढंच सांगतो की प्रत्येक कंपनीत दोन प्रकार असतात, एक खूप चालणारा, कडक रबराचा, टॅक्सीवाल्यांचा लाडका, आणि एक थोडा कमी चालणारा पण ओल्यात चांगला धरणारा. तुमचं रनिंग वर्षाला सात-साडेसात हजार आहे. तुमचा टायर झिजून मरणारच नाही, वय होऊन मरणार आहे. मग एक लाख किलोमीटर चालतो म्हणून कडक टायर घेऊन तुम्हाला काय मिळणार? दुसऱ्या प्रकारातला घ्या. हे काउंटरवर स्पष्ट विचारायचं, की भाऊ यात ओल्या रस्त्याला चांगला कुठला.

आणि तारीख. बिल व्हायच्या आधी चारही टायर उभे करून चारही तारखा बघायच्या. सहा महिन्यांच्या आतले असतील तर छान, वर्षाच्या आतले चालतील, दीड वर्षाचे असतील तर भाव कमी करून मागा नाहीतर सोडा. मलाच एका डीलरनं एकदा स्कीमच्या नावाखाली दोन वर्षांपूर्वीचा माल दिला होता, चाळीस टायर, गठ्ठ्यात वरचे ताजे आणि आतले जुने. तेव्हापासून गाडी उतरवताना मी स्वतः टॉर्च घेऊन उभा असतो. तुम्ही चार टायर बघायला लाजू नका.

स्वस्तात म्हटलं की लोक दोन वाटा दाखवतात, सेकंड हँड आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्याच टायरवर नवी नक्षी चढवलेला. रिमोल्ड ट्रकच्या मागच्या चाकाला चालतं, तो वेगळा धंदा आहे आणि व्यवस्थित चालतो, पण कारला, आपल्या उन्हात, शंभरच्या वेगाला, मी माझ्या गाडीला कधी लावलं नाही. सेकंड हँडमध्ये एकच प्रकार बरा, कुणी नवी गाडी घेतल्या घेतल्या अलॉय टाकले आणि कंपनीचे टायर काढून ठेवले, असे शो-रूमच्या आजूबाजूच्या दुकानांत मिळतात, तारीख ताजी, निम्म्याच्या वरचा भाव. मिळाले तर जरूर घ्या, पण चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. आणि आत हात घालून पंक्चरचे प्लग किती ते मोजा.

पैसे कमीच पडले आणि दोनच घ्यायचे ठरले तर नवे दोन मागं बसवायचे आणि मागचे बरे असलेले पुढं. इथं सगळे माझ्याशी भांडतात, म्हणतात इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, मग नवे पुढं पाहिजेत. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं माझ्या-तुमच्या हातातलं नाही. पण तुमच्या बाबतीत चारही एकाच वयाचे असल्यामुळं दोन बदलणं म्हणजे अर्धी दाढी करण्यासारखं आहे.

म्हणजे तुमचे वीस हजार असे: चार टायर सतरा-अठरा हजार, त्यात नवे व्हॉल्व घालूनच घ्या, जुने रबरी व्हॉल्व ठेवून शंभर-दोनशे वाचवू नका. उरलेल्यात अलाइनमेंट, बॅलन्सिंग. टॅक्सीचे पैसे ट्रिपच्या खर्चात धरा, टायरच्या नाही. नायट्रोजन फुकट देत असतील तर भरा, नाहीतर साधी हवा झकास आहे, तिच्यातही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

हवेचं मात्र तुम्हाला तिथं गेल्यावर कोडं पडेल म्हणून सांगून ठेवतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर लिहिलेली हवा म्हणजे थंड टायरची हवा. पारा पाच-सहा डिग्री उतरला की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. तुम्ही दुपारी ३० डिग्रीत भरून निघालात आणि मनालीत पहाटे शून्याखाली बघितलीत तर पाचेक पीएसआय कमी दिसायला पाहिजे, पण तेवढी कमी दिसणार नाही, कारण मनाली दोन हजार मीटर उंचावर आहे, तिथं बाहेरच्या हवेचा दाब कमी म्हणून गेज थोडी जास्त दाखवते. त्यामुळं घरच्या आकड्यावर विसंबू नका, तिथं सकाळी गाडी न हलवता मोजा आणि स्टिकरप्रमाणे करा. परत येताना इंदूरच्या खाली उतरल्यावर पुन्हा. आणि हायवेवर तापलेल्या टायरमध्ये हवा जास्त दिसली म्हणून सोडायची नाही, तो तापल्यामुळं आलेला आकडा असतो. बर्फात पकड यावी म्हणून हवा कमी करा असं कुणी सांगेल, ते वाळूत ठीक आहे, तुम्ही त्या फंदात पडू नका.

टायरचा विषय नाही पण सांगतो, रेडिएटरमध्ये काय आहे ते बघा. आपल्याकडं कूलंट कमी झालं की मेकॅनिक बिनधास्त नळाचं पाणी टाकतो, वर्षानुवर्षं तेच चालतं. तिकडं रात्री ते गोठलं तर पाईपच काय, ब्लॉकलाही तडा जाऊ शकतो. निघायच्या आधी जुनं काढून नीट कूलंट भरून घ्या. काचेवर मारायच्या पाण्याचंही तेच. आणि तिथं रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, जागचा आवळून बसतो, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

मावसभावासाठी, आणि आपल्याकडच्या ज्या पोरांनी तिकडं नोकरी धरलीय त्यांच्यासाठी थोडं. जर्मनीत कायदा तारखेवर नाही, रस्त्याच्या स्थितीवर आहे: बर्फ, चिखलबर्फ, दव गोठलेलं असेल तर डोंगर-चांदणीचेच टायर पाहिजेत, नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सवर गुन्ह्याचा एक पॉइंट. नुसत्या एम प्लस एसला १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं मान नाही. लोक ऑक्टोबर ते ईस्टर असं सोपं गणित ठेवतात. त्याला बजेटमध्ये करायचं असेल तर गाडी जास्त करून शहरातच फिरत असल्यास चांदणीवाले ऑल सीझन टायर घ्यावेत, एकाच सेटमध्ये बारा महिने निघतात. डोंगराकडं राहत असेल तर खरे विंटर, पण गाडीला चालणाऱ्या सगळ्यात लहान रिमच्या साइजमध्ये आणि जुन्या लोखंडी रिमवर कायमचे बसवून, म्हणजे दर हंगामाला टायर काढ-घाल करायची मजुरी वाचते, जॅक लावून चाकं घरीच बदलता येतात. ए-डी-ए-सी नावाची तिथली मोटारवाल्यांची संघटना दर वर्षी टायरच्या चाचण्या छापते, त्यात मधल्या किमतीचा, बऱ्या मार्कांचा टायर निवडायचा, एकदम तळाचा नाही. पैसे वाचवायला फक्त पुढं दोन विंटर टाकायचे नाहीत, वर जे गर्रकन फिरण्याचं सांगितलं ते तिथं बर्फावर पहिल्याच वळणाला होईल. आणि नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तो विंटर टायर राहिला नाही असं समजायचं, शेजारच्या ऑस्ट्रियात तर कायदाच तसा आहे.

तुम्ही टायर १० डिसेंबरच्या आत टाका, आदल्या दिवशी नको. नव्या टायरला साच्यातून सुटायला लावलेल्या मेणकटाचा थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर तो थोडा गुळगुळीत लागतो, ते जळगाव-भुसावळ-रावेर करण्यात जाऊ द्या, एखादी भरीत पार्टी गाठा, सीझन आहेच. आणि टायर बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट एकदा पान्यानं परत आवळून घ्या, बहुतेक दुकानं हे सांगत नाहीत. सावद्याला चहाला थांबाल तेव्हा पाचच मिनिटं लागतील. त्या चार आकड्यांचा फोटो इथं टाका, मी सांगतो.